दीड वाजताचा फोन

११ जाने., सणसर
सुट्टी संपत आली. दुपारी जेवून तात्या बाजेवर झोपलेले. आई म्हणते, "बापाचं घोरणं म्हंजी गाढ झोप." मी शेजारीच बसलेलो. घोरता घोरता एकदम गप्प. छाती हलतीय, पण नाकातनं वारा न्हाय. मी मोजत बसलो, तीसच्या वर गेलो. मग बुडता माणूस वर यावा तसा हापका. परत तेच. उठले ते डोकं धरून.

१३ जाने.
बारामतीला नेलं. वायरी लावून रातभर तपासणी. डॉक्टर म्हणले, झोपंत श्वास थांबतोय, बीपी त्यानंच वाढतंय. असंच सोडलं तर हार्टवर येईल, अर्धांग होईल. दिवसा पण डोळा लागंल. "काम काय करता?"
माझ्याआधी तात्या बोलले, "शेती."
एकोणीस वर्षं दुधाचा टँकर चालवत्यात. इंदापूर ते बारामती एमआयडीसी. मी पण डॉक्टरला खरं सांगितलं न्हाय.

१४ जाने.
डॉक्टरनं मास्कचं मशीन दिलंय वापरून बघायला. रोज रात्री लावायचं. तात्या म्हणले, "मुसकं बैलाला घालत्यात. मी कुणाचं पीक खाल्लं?" आई हसली. मशीन कपाटावर.

१७ जाने., होसूर
परराज्यातल्या कंपनीत परत. दीडला जेवणाची सुट्टी, तवाच तात्यांचा भरलेला टँकर इंदापुरातनं निघतो. फोन लावून बडबडत ऱ्हातो. उसाच्या ट्रॉल्या, म्हस, माझं लग्न. "तू बोलत ऱ्हा, डोळा लागत न्हाय."

२२ जाने.
नुसतं हूं हूं करत हुते. मी इचारलं, "लासुर्णं गेलं का?"
"आं? ... सणसर आलं की. मधलं कधी गेलं?"
हसले. मला हसू आलं न्हाय.

२४ जाने.
बोलता बोलता फोनात घोरणं. मग तेबी थांबलं. चार, पाच, सा... "तात्या!" अख्खं कँटीन बघाया लागलं. लांबलचक हॉर्न वाजला.
"वरडतूस कशाला? गाडी कडंला उभी हाय."
असंल उभी. पण गिअर पडलेला ऐकला मी.

२५ जाने.
आईला फोनवर सांगितलं, तात्यांच्या डेअरीत कळवतो. म्हणली, "चावी काढून घेतील. घरात बसून मरंल त्यो माणूस. तुझं तोंड बघायचा न्हाय." तात्या मागनं वरडले, "पोरगं हाय की बोलायला!"
म्हंजी माझ्या फोनच्या जिवावर गाडीवर चढत्यात. मीच चढवतोय.

२७ जाने.
सव्वा वाजलाय. सुट्टीआधीच कँटीनात आलोय, डबा उघडला न्हाय. डेअरीच्या सायबाचा नंबर काढून बसलोय. आज तात्यांना लावायचा न्हाय, असं ठरवलं हुतं. पण मी लावला न्हाय म्हणून ते काय थांबणार...

तात्यांचा मिसकॉल. पंधरा मिनिटं आधीच. म्हंजी आज आत्तापासनंच डोळा...
दुसरा मिसकॉल.
सायबाला लावलाय. रिंग जातीय.