सिल्वानाचा खड्डा

विपावा,
गुरुवार, १४ मार्च

प्रिय सिल्वाना,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर लांबलं, त्यासाठी चार कारणं मनात जुळवून ठेवली होती, पण लिहायला बसल्यावर त्यातलं एकही धड वाटेना, म्हणून देत नाही. तू बरी असशील. मारिबोरची थंडी ओसरली असेल, उरोश आणि सूनबाई मजेत असतील आणि तुझी नेझा आता हाताला येईल ते ओढून पाडत असेल. आम्ही ठीक. वेन्कोचा खोकला आहे तसाच आहे, द्राक्षाच्या वेलींची छाटणी आटोपली. अक्षर गिचमिड झालंय ते चालवून घे. स्वयंपाकघर गार आहे आणि पेनही जुनं आहे.

परवापासून बुर्या वारा सुटलाय. छपरावर ठेवलेले दगडसुद्धा कुरकुरताहेत. त्यामुळे आजची गुरुवारची सायकलफेरी बंद. सकाळी सहालाच स्टोयानचा फोन. म्हणाला, "आज सायकलीवर बसलीस तर थेट इटलीत उतरशील. आणि तिथून आणायला मी येणार नाही, आधीच सांगतो." सत्तरीला आला तरी शाळेची सहल काढल्यासारखा सगळ्यांना फोन करत बसतो. मला बरंच वाटलं. हल्ली फेरी बंद झाली की बरंच वाटतं.

तुला बातम्या हव्या असतील. स्टोयानचा गुडघा बदलला. नव्या गुडघ्याचं त्याला इतकं कौतुक, की भर रस्त्यात विजार वर करून टाके दाखवतो. आणि डारिंकाचा घटस्फोट झाला. हो, एकसष्टाव्या वर्षी. गेल्या महिन्यात सगळे चौकात जमलो तेव्हा तिने हेल्मेटचा पट्टा लावता लावता सांगून टाकलं. स्टोयान म्हणाला, "बाई, ही बातमी आनंदाची की दुःखाची ते आधी ठरव. तुला पुढे घालायचं की मागे, ते आम्हाला कळायला हवं."

"पुढे," डारिंका म्हणाली. "बत्तीस वर्षं मागेच होते."

आणि खरंच गोचेच्या चढापर्यंत सगळा समोरचा वारा तिने एकटीने अंगावर घेतला, वर पोचल्यावर कॉफी पाजली आणि मग कपबशीकडे बघत थोडी रडली. आपला नियम असा अजून चालू आहे. तुझ्या रादोने काढलेला, म्हणून कोणी मोडत नाही. आनंद ज्याचा, वारा त्याचा. ज्याच्या घरी चांगलं घडलं त्याने पुढे राहायचं, वाईट दिवस आलेल्याला सगळ्यांच्या मागे आडोशाला ठेवायचं आणि काही विचारायचं नाही. रादो गेल्यावर तू दीड वर्ष मागे होतीस. कारखान्यात आपण दोघी वीस वर्षं शेजारच्या यंत्रांवर शिवत होतो, पण तुझं दुःख मला जास्त जवळून कळलं ते तेव्हा, माझ्या पाठीमागे, तुझ्या श्वासाच्या आवाजावरून.

रादोच्या थडग्यावर दर महिन्याला जाते. फुलं या थंडीत टिकत नाहीत, म्हणून हिरवी फांदी ठेवून येते.

आता तुझ्या पत्राबद्दल. तू लिहितेस, 'माझी सायकल विकून टाक. खुबा नीट जुळलाय, डॉक्टर चालव म्हणतात, पण माझाच माझ्यावर भरवसा उरला नाही. रस्ता सोडून झाडं बघत बसणारी बाई, तिने सायकल कशाला चालवावी.' आणि पुढे लिहितेस, की नेझाला बाबागाडीत घालून रस्ता ओलांडायची वेळ आली तर तू सुनेला सांगतेस, तू ढकल, मी मागून येते.

ही ओळ मी तीनदा वाचली. मग पत्र पिठाच्या डब्यामागे ठेवलं. वेन्कोला पीठ मळायचं नसतं, त्यामुळे ती जागा माझी.

सायकल विकलेली नाही. तळघरात वाइनच्या पिंपाशेजारी उभी आहे. दर पंधरा दिवसांनी खाली जाऊन चाकांत हवा भरते, साखळीला तेल लावते. वेन्को म्हणतो, "घरात एवढी मशागत माझी होत नाही."

तू पडलीस तो खड्डा जूनमध्ये बुजवला. डांबराचं काळं ठिगळ आहे, चेरीच्या बागांनंतर लगेच, उजव्या कडेला. रस्ता आता सपाट आहे. तरी तिथे आलं की पुढचा माणूस उजवा हात खाली सोडतो आणि बोटाने दाखवतो. मग त्याच्या मागचा दाखवतो, मग त्याच्या मागचा. 'सिल्वानाचा खड्डा' असं नावच पडलंय. एक निवृत्त मास्तर नवे यायला लागलेत, ते गोंधळले. म्हणाले, "पण इथे खड्डा कुठे आहे?" डारिंका म्हणाली, "तुम्हाला नाही. आम्हाला आहे."

एकटी मी तिथे हात दाखवत नाही. कोणाच्या लक्षात आलेलं नाही, कारण मी आता शेवटची असते. गुडघा दुखतो असं सांगितलंय. स्टोयानने लगेच आपल्या डॉक्टरचा पत्ता दिला.

गुडघ्याला काही झालेलं नाही, सिल्वाना.

मध्ये उठून चहा करून आले. कप डाव्या हाताने आणला. आता लिहिते, नाहीतर हे पत्रही पिठाच्या डब्यामागे जाईल.

गेल्या एप्रिलमधला तो गुरुवार. टिलेन जन्मून चार दिवस झाले होते. मी आजी झाले म्हणून पुढे होते, आणि त्या दिवशी तू पहिल्यांदा मागची जागा सोडून माझ्या चाकाला चाक लावून आलीस. म्हणालीस, "नातवाच्या आजीचा आडोसा मला पुरे." मला फार आनंद झाला होता. तू परत आलीस असं वाटलं होतं.

पण त्या दिवशी माझ्या घरात बातम्या दोन होत्या. मी तुम्हाला एकच सांगितली. त्याच्या दोन आठवडे आधी नोव्हा गोरित्साच्या डॉक्टरने माझा उजवा हात टेबलावर ठेवायला सांगितला होता, मग उचलायला, मग बोटं हलवायला. कंपवात आहे. अजून सुरुवात आहे, गोळ्यांनी बरीच वर्षं निभावेल, असं म्हणाला. वेन्कोलाही मी सांगितलं नाही. हँडल घट्ट धरलं की हात थरथरत नसे. उचलला की थरथरे. म्हणून मी त्या दिवशी हँडल धरून ठेवलं होतं.

खड्डा मला दिसला होता. चांगला वीस-तीस पावलांवरून दिसला. मी स्वतः त्याच्या डावीकडून निघून गेले. हात सोडून दाखवायला हवा होता, आणि मी नाही दाखवला. मागे तुम्ही सहाजण होतात. हात हवेत आला असता तर सहाजणांना दिसलं असतं.

तोंड होतं की, असं तू म्हणशील. मीही रोज स्वतःला तेच म्हणते. आपल्यात ओरडणाऱ्याची थट्टा होते, डारिंका म्हणते बाजारात आलोय का. पण खरं कारण तेही नाही. ओरडले असते तर कोणीतरी विचारलंच असतं, की हाताला काय झालं. एवढा विचार करायला मला वेळ मिळाला, आणि तुझ्यासाठी एक शब्द काढायला मिळाला नाही. मग मागे तो आवाज आला. तो अजून येतो, भांडं पडलं तरी येतो.

सगळे म्हणाले, सिल्वाना फुलं बघत होती. तूही म्हणालीस. हो, बघत होतीस. बागा पांढऱ्या झाल्या होत्या आणि तू दीड वर्षाने पहिल्यांदा मान वर केली होतीस. मागच्याने रस्ता बघायचा नसतोच. मागच्याने पुढच्याचा हात बघायचा, हे तूच मला शिकवलंस, तीस वर्षांपूर्वी. तू झाडं बघत होतीस, कारण रस्ता बघायचं काम माझं होतं.

आणि दवाखान्यात तू माझा डावा हात धरलास. उजवा मी कोटाच्या खिशात ठेवला होता. तू म्हणालीस, "ब्रेडा, तुझ्या आनंदाच्या दिवशी मी विघ्न आणलं गं. मला माफ कर." आणि मी म्हणाले, "जाऊ दे, होतं असं कधी कधी."

पडलीस तू, आणि माफ मी केलं. अकरा महिने झाले, मी हे कोणाला सांगितलेलं नाही. आधी वाटलं, तू बरी झालीस की सांगू. मग तू उरोशकडे राहायला गेलीस, तेव्हा वाटलं आता कशाला. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं होतं. थकले होते गं. आजारापेक्षा लपवण्याने माणूस जास्त थकतो, हे मला कोणी आधी सांगितलं नव्हतं. तू बाबागाडीचं लिहिलं नसतंस तर मी अजूनही गप्प राहिले असते, हेही लिहून ठेवते.

काल रात्री जेवताना वेन्कोला दोन्ही गोष्टी सांगितल्या. आजाराचं ऐकून तो म्हणाला, त्याला हिवाळ्यापासून संशय होता, चमचा वाजतो म्हणून. तुझं ऐकल्यावर भाजीचं भांडं माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाला, "तिला लिही. मला सांगून काय उपयोग?"

पुढच्या गुरुवारी निघायच्या आधी चौकात सगळ्यांना सांगणार आहे. मग ते मला पुढे घालोत, मागे घालोत, की घरी पाठवोत. स्टोयान रागावेल. डारिंका बोलणार नाही, आणि तेच जास्त कठीण जाईल.

तुझ्याकडे मी माफी मागत नाही. ती मागायला तोंड हवं. तू एकदा मागितली होतीस, ती तेवढी परत घे. ती माझ्याकडे अकरा महिने उगाच पडून आहे.

ईस्टरला उरोश वडिलांच्या थडग्यावर यायचा असेल तर सायकल तयार आहे. गाडीच्या टपावर मावेल. न्यायची नसेल तर राहू दे तळघरात, मी हवा भरत राहीन, हात चालेल तोवर. पण रस्ता ओलांडताना नेझाची गाडी तू ढकल. सुनेला सांग, तू मागून ये. तुझे डोळे चांगले आहेत, सिल्वाना. त्यांचं कधीच काही चुकलं नव्हतं.

अक्षर खाली खाली बारीक होत गेलंय ते तुला दिसलं असेल. पेन नवं आहे. खोटं लिहिलं होतं.

उजव्या कडेला खड्डा आहे गं, सांभाळ.

अकरा महिने उशिरा हात दाखवणारी,
ब्रेडा