बाबांचा टोप आणि माझं फ्रेंच

३ ऑगस्ट १९९८, ब्वेया

नाही म्हणजे नाही! — इति बाबा. कायदा शीक, हवा तेवढा शीक, पण जोडीला फ्रेंच? हे म्हणे चवळीच्या तिखट कोकीवर साखर पेरण्यासारखं. याउंदेच्या विद्यापीठात दोन्हींची मिळून एक पदवी मिळते, हे मी पुन्हा पुन्हा सांगितलं. दर वेळी त्यांच्या हातातला पेपर थोडा वर गेला. शेवटी बाबा दिसेनासेच झाले.

आई म्हणाली, जेवण झाल्यावर विषय काढ. काढला. एरूची पालेभाजी भरपेट खाऊनही उत्तर तेच.

५ ऑगस्ट

बाबा कोर्टात निघाले तेव्हा मुद्दाम गोड आवाजात "बोंजूर, वकीलसाहेब" म्हटलं. त्यांनी टोपाची पेटी काखेत मारली आणि बहिऱ्यासारखे निघून गेले. इंग्रज केव्हाच गेले, त्यांचा तो पांढऱ्या केसांचा टोप मात्र बाबांच्या डोक्यावर जसाच्या तसा! दुआला एवढं जवळ, पण देशाच्या फ्रेंच भागात; तिथे सगळा कारभार फ्रेंचमध्ये, कायदाही फ्रेंचांचा, आणि बाबांना फ्रेंचचा एक शब्द येत नाही. वर त्याचाच तोरा.

९ ऑगस्ट

मोलुआकाका दुआलात अडकले. गाडीत केळी भरून बाजाराला गेले होते. एक मोटरसायकलवाला मध्ये आला, त्याचा पाय मोडला. पोलिसांनी काकांना आत टाकलंय.

बाबांनी लगेच निरोप धाडला — तोंड उघडू नकोस. गप्प राहणं हा आरोपीचा हक्क आहे, काय सिद्ध करायचं ते सरकार करेल. काका थोरल्या भावाचा शब्द खाली पडू देणार नाहीत. आई सारखी रडतेय. आज कुणाची चेष्टा करावीशी वाटत नाही.

१४ ऑगस्ट

काका अजून आतच. "निर्दोष माणसाला सोडतीलच," बाबा म्हणतात. जेवत मात्र नाहीत.

१८ ऑगस्ट

आज बाबांबरोबर दुआलाला गेले. तू फक्त दुभाषी, वकील मी — हे बसमध्ये बजावून झालं. कोर्टाच्या पायरीवर टोप चढवला! तिथे कोणी असलं काही घालत नाही. शिपाई बाजूला झाला, बहुतेक घाबरून.

न्यायाधीश थकलेले दिसत होते. म्हणाले, हा माणूस आल्यापासून बोलत नाही, म्हणजे काहीतरी लपवतोय. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आमच्याकडचा हक्क इथे गुन्ह्याची कबुली ठरत होता! मी काकांना आमच्या भाषेत म्हटलं, "काका, बोला. सगळं सांगा."

काकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी होकारार्थी मान हलवली.

मग काका बोलले, मी फ्रेंचमध्ये सांगत गेले. मोटरसायकलला दिवा नव्हता, ती एकदम गल्लीतून आली, कोपऱ्यावर अननस विकणाऱ्या बाईने सगळं पाहिलं. बाईला बोलावलं. ती हो म्हणाली. काका सुटले!

न्यायाधीश उठता उठता म्हणाले, "हे पहिल्याच दिवशी सांगितलं असतं तर त्याच संध्याकाळी घरी गेला असता. गप्प बसायचा सल्ला कुठल्या शहाण्याने दिला?"

"काय म्हणतायत?" बाबांनी विचारलं.

"तुमचा टोप शोभून दिसतो म्हणतायत."

बाबांनी टोप काढून पेटीत ठेवला. परतीच्या बसमध्ये काका माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले.

१९ ऑगस्ट

सकाळी बाबा माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, "न्यायाधीश काय म्हणाले ते मला कळलं होतं. फ्रेंच येतं मला, बोलत नाही इतकंच. माझ्या हट्टापायी मोलुआ आत राहिला."

मी हातातली वही मिटली.

"तू माझ्यासाठी खोटं सांगितलंस, पोरी. कोर्टात पुन्हा कोणासाठी असं करू नकोस. माझ्यासाठीसुद्धा नाही. याउंदेला जा."