तुझ्या गाठीला दुर्बीण, माझ्या गाठीला सुरी

प्रिय धाकटे,

थोरलीचा आशीर्वाद घे आणि तब्येत कळव. (उत्तम आहे, ठाऊक आहे मला. परवा तू जिना चढलीस, ती बातमी साऱ्या नात्यात फिरली.) मी सांगते आहे, नात लिहिते आहे. जे बोलेन ते उतरव, सुधारू नकोस, असं तिला बजावलंय.

तर बाई, माझ्याही अंडाशयावर गाठ निघाली. तुझी पाहून निघाली असं लेक म्हणतो, पण माझी आधीपासूनचीच असणार, मी बोलत नव्हते एवढंच. पोट फुगलं, कपडे कमरेत बसेनात, तेव्हा सून म्हणाली, आई, जेवण जरा कमी करा. सोनोग्राफीत दोष जेवणाचा नाही हे कळलं. (सूनबाईंना दोनदा ऐकवलं.)

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना सरळ सांगितलं, बहिणीचं केलंत तसंच माझं करा. शिंप्याकडे नमुन्याचा कपडा नेतो ना, तसं. तीन भोकं, आत दुर्बीण, दुसऱ्या दिवशी घरी. ती पोर (नातीपेक्षा थोडीच मोठी) कागदावर माझं पोट काढायला लागली. म्हणाली, आजी, बहिणीची गाठ म्हणजे पाण्याचा फुगा. तो आतल्या आत पिशवीत धरला, पाणी ओढून घेतलं, चोळामोळा करून भोकातून बाहेर काढला. तुमच्या गाठीत घट्ट भागही आहे, ती आत फुटता कामा नये. म्हणून बेंबीखाली उभा छेद घ्यायचा, अख्खी काढायची आणि तपासायला पाठवायची. मी म्हटलं, थोडं थांबून बघू. तर म्हणे, साध्या गाठीला थांबतात, हिला नाही. बरं, मग आधी दुर्बिणीने करून बघा, नाही जमलं तर कापा. त्यावर ती हसली. भाव करताना भाजीवाली हसते तशी नाही, वेगळी.

आता तूच सांग, हा न्याय झाला? लहानपणी खिडकीची जागा तुला, आईची कूस तुला, नवरा शब्द झेलणारा तोही तुला, आणि आता गाठसुद्धा गरीब गाय ती तुझ्याच वाट्याला. माझी मेली माझ्यावर गेली, सरळ बोलून बाहेर यायची नाही. बटणाएवढ्या तीन पट्ट्या दाखवून तू अशी कण्हलीस की भेटायला आलेले डोळे पुसत होते. मीही पुसले, पण ते चारचौघांत बरं दिसावं म्हणून. माझे टाके चांगले वीतभर असतील. ते बघायला येणाऱ्यांनी तुझं नाव काढायचं नाही, असं घरात सांगून ठेवलंय. ऑपरेशनच्या संमतीच्या कागदावर अंगठा मात्र अजून उठवलेला नाही. याच आठवड्यात करायला हवं म्हणतात, मी म्हणते बघू.

तुझी,
मोठं ऑपरेशन असलेली ताई

ता. क. येण्याची तसदी घेऊ नकोस. इथे माणसं पुष्कळ आहेत.

आणखी ता. क. शुक्रवार ठरवतायत. गुरुवारी सकाळच्या गाडीला गर्दी नसते म्हणे.

शेवटचा ता. क. (नात मान वर न करता लिहितेय.) घरात माझ्याशी कोणी भांडेनासं झालंय गं. काल मुद्दाम म्हटलं, भाजी खारट झाली. सून म्हणाली, हो आई, चुकलंच माझं. भाजी चांगली होती. एवढी गोड वागतायत म्हणजे डॉक्टरीणबाई माझ्यामागे त्यांना काहीतरी बोलल्यात. तू ये. उशाशी बस आणि तुझंच ऑपरेशन जास्त दुखलं म्हणून माझ्याशी कडाकडा भांड. मग उठवते अंगठा.