हरणांची वाट

कुरुळी, ता. खेड
रविवार, २१ एप्रिल १९५७

ती. दादास रंभाचा नमस्कार.

आई बरी आहे. मी बरी आहे. ऊन फार आहे, पण तू जिथे आहेस तिथल्या मानाने हे काहीच नाही. शाळेच्या परीक्षा संपल्या. चाकणला जाणारी सकाळची एस. टी. अजून वेळेवर येत नाही, त्यामुळे महिन्यातून दोनदा तरी हेडमास्तरांचं ऐकून घ्यावं लागतं. सोपानकाकांच्या म्हशीला रेडी झाली. आपल्या आंब्याला या साली मोहोर आला नाही.

तुझं कार्ड मिळालं. "मी ठीक आहे. आईस सांगणे." अकरा महिन्यांत नऊ कार्डं आली, आणि नऊही कार्डांवर एवढंच आहे. मी ती आईला वाचून दाखवते. ती विचारते, "आणिक काय म्हनतो?" मी म्हणते, एवढंच. मग ती कार्ड हातात घेऊन दोन्ही बाजूंनी बघते आणि देवळीत ठेवते.

आबांचं वर्षश्राद्ध वैशाख वद्य तृतीयेला आहे. चार आठवडेही राहिले नाहीत. तू यावंस म्हणून हे पत्र लिहिते आहे. पण नुसतं 'ये' लिहिलं तर तू येणार नाहीस. तू का येत नाहीस ते मला ठाऊक आहे. तुझं कारण खरं नाही, आणि ते खरं नाही हे फक्त मला माहीत आहे. ते सांगायचं आहे. एकदम लिहिता येत नाही, म्हणून आधी थोडं दुसरं लिहिते.

मागच्या मे महिन्यात आम्ही तिघं तुझ्याकडे राजस्थानात आलो, तेव्हा मी आणलेली वही तुला आठवत असेल. निळ्या पुठ्ठ्याची. वर्षभर उघडली नव्हती, आज उघडली. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिलं आहे, 'मरुभूमीतील प्राणिजीवन : प्रत्यक्ष निरीक्षणे. कु. रंभा भिमाजी, बी. एस्सी.' निकाल लागून तेव्हा पंधराच दिवस झाले होते. शाळेतल्या मुलांसाठी यातून एक पुस्तक करायचं, असं मी गाडीत आईला सांगत होते. आई म्हणाली होती, "कर की. पर आदी भाकर खा."

पहिला रविवार, १३ मे. फलोदीच्या तुमच्या बोअरिंगच्या कँपवरून तू ट्रक काढलास. आई तुझ्या शेजारी, मी आणि आबा मागे. आबांनी टपावर थाप मारून गाडी थांबवली होती. समोर दोन माळढोक होते, माणसाच्या कमरेएवढे, एकेक पाय मोजून टाकत चाललेले. आबा ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिले. मग म्हणाले, मी पोरगा होतो तेव्हा हे आपल्या मोशीच्या माळावर असायचे. कुठं गेले म्हणून बघत होतो, तर हितं येऊन राह्यलेत. तू हसलास. वहीत मी फक्त वेळ आणि संख्या लिहिली आहे. सकाळचे सात वीस, नग दोन.

दुसरा रविवार, २० मे. सांड्यांची, म्हणजे तिथल्या जाड शेपटीच्या सरड्यांची, बिळं. उन्हं उतरल्यावर एकेक सांडा आत शिरून आतून मातीने तोंड बंद करत होता. आबा पोटावर पालथे पडून बघत होते. म्हणाले, "आतून कडी लावतोय गं. शाणा हाय." ते मी लिहिलेलं नाही, पण वाचताना ऐकू आलं.

त्याच संध्याकाळी कँपवर जे झालं, ते तुला माहीत आहे. तरी लिहिते, कारण पुढचं त्याच्यावरच उभं आहे.

तुमचं बोअर चारशे फूट जाऊन कोरडं निघालं होतं. साहेब चेष्टेने म्हणाले, सयाजी, तुझे वडील पाणाडे आहेत ना, विचार त्यांना. आबांना त्यातली चेष्टा कळली नाही. त्यांनी पिशवीतून नारळ काढला, शेंडी पुढे करून तळहातावर आडवा ठेवला आणि अनवाणी चालू लागले. आपल्याकडे चाळीस विहिरींच्या जागा त्या माणसाने अशाच सांगितल्या. एका जागी नारळ उभा राहिला. आबा थांबले. आणि मी सगळ्यांसमोर म्हणाले, "आबा, पुरे आता. हाताचे स्नायू थकले की नारळ हलतो. त्याला पाणी कळत नाही."

साहेब हसले. मग सगळे हसले. आबांनी नारळ पुसून पिशवीत ठेवला. तू मला तंबूमागे नेऊन म्हणालास, "शिकलीस हे आम्हालाही माहीत आहे. चारचौघांत बापाला खोटं पाडू नकोस. पुन्हा तोंड उघडलंस तर बघ." मी त्या रात्री जेवले नाही. मला वाटत होतं, खरं बोलल्याची शिक्षा मिळाली.

तिसरा रविवार, २७ मे. चिंकारा बघायला. ट्रक वाळूत रुतला आणि अॅक्सल गेला. मागच्या पाण्याच्या टाकीची तोटी वाटेतल्या गचक्यांनी सैल झाली होती, टाकी रिकामी. उरली पाण्याची एक कॅनव्हासची छागल, अर्धी. तू साडेनऊला कँपकडे पायी निघालास, पश्चिमेला, नऊ मैल. आम्हाला खेजडीच्या सावलीत बसवून म्हणालास, मी येईपर्यंत कुणी हलायचं नाही.

तू परत आलास तेव्हा सव्वाचार झाले होते. मी तुला सांगितलं, "आबा तुला बघायला गेले. उशीर झाला म्हणून."

त्याआधी आई जागी झाली तेव्हा तिलाही मी हेच सांगितलं होतं. सुपाएवढी सावली उरली होती, तिच्यात डोक्यावर ओला पदर घेऊन ती पडली होती, तिला ग्लानी आली होती. आबा गेलेले तिने बघितलेच नाहीत.

ते दोन मैलांवर सापडले, एका केराच्या झुडपाला टेकून बसलेले. ते पूर्वेला होते. सगळे म्हणाले, उन्हाने डोळ्यांपुढे अंधारी आली असेल, वाट चुकले. आबा वाट चुकणारा माणूस नव्हता, दादा. हे तुलाही माहीत होतं. पण तू म्हणालास, "मला उशीर झाला. मला दुसरी गाडी लवकर मिळाली असती तर." चितेजवळही तू हेच म्हणत होतास. मी शेजारी उभी होते.

आबा तुला बघायला निघाले नव्हते.

साडेअकराला समोरून तीन चिंकारा गेले. एकामागे एक, पूर्वेकडे. आबा उठून बसले. आपल्या माळावरची काळविटं उन्हाळ्यात इंद्रायणीवर अशीच ओळीने उतरतात, ते बघत त्यांचा जन्म गेला. वारूळ, उंबर आणि हरणांची वाट, या तीन खुणांनी त्यांनी पाणी शोधलं. ते म्हणाले, "तिकडं पानी हाय. आईचं व्हट बघ कसं सुकल्यात. जाऊन भरून आनतो."

आणि मग त्यांनी मला विचारलं. हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. पिशवी खांद्याला लावली होती, एक पाय उन्हात होता, आणि मागे वळून म्हणाले, "का गं? तुजं बुक काय म्हनतं?"

माझं बुक काय म्हणतं ते मला पाठ होतं. चिंकारा दिवसचे दिवस पाणी पीत नाही. पाल्यातून मिळतं तेवढ्यावर जगतो. त्याच्या मागे गेलं तर पाणी सापडेलच असं नाही. शिवाय सकाळी पखुर्ड्यांचा थवा ओरडत पश्चिमेला गेला होता. पखुर्डी रोज पाण्यावर जाते. तेही वहीत आहे, आठ चाळीस, पश्चिम. तू गेलास त्या दिशेला.

मी म्हणाले, "मला काय विचारता? तुम्हालाच कळतं सगळं."

ते थोडं थांबले. मला वाटतं, मी आणखी काही बोलेन म्हणून थांबले असतील. मग "बरं" म्हणाले. छागल त्यांनी आईच्या उशाशी सरकवली आणि गेले. मी वही उघडली आणि लिहिलं, 'चिंकारा ३, ११-३०, पूर्व.' ते अक्षर अगदी चांगलं आलं आहे. त्यांनी हात हलवत परत यावं आणि तुझंच खरं म्हणावं, एवढंच माझ्या मनात होतं. ते मरतील असं मनात नव्हतं. पण उन्हाची मला कल्पना नव्हती असंही नाही. थर्मामीटर माझ्याकडेच होता. एकशे चौदा फॅरनहाइट.

पिशवी तू उघडली होतीस. आत नारळ होता, अख्खा. कँपवरचा तो म्हातारा चौकीदार म्हणाला, नारळात तर पाणी असतं, यांनी फोडला का नाही. त्याला कोण सांगणार? पाणाड्याचा नारळ पाणी लागल्याशिवाय फुटत नाही. लागलं की विहिरीच्या काठावर फोडायचा. आबांनी तो शेवटपर्यंत मांडीवरच्या पिशवीत सांभाळला.

आता दुसरी गोष्ट. ही पहिलीपेक्षा वाईट आहे की बरी, ते मला ठरवता येत नाही.

तिकडे निघण्याआधी आबांनी गावच्या शाळेमागच्या माळावर दगडांची खूण रचली होती. गावाने दसऱ्यानंतर तिथे खणायला घेतलं. संक्रांतीच्या आदल्या आठवड्यात सहा परस खोलीवर पाणी लागलं. गोडं पाणी. सगळा गाव काठावर होता. सोपानकाका म्हणाले, वहिनी, भिमाजीचा नारळ आणा. आई म्हणाली, "त्यो सयाजी फोडंल." गावाने दुसरा नारळ फोडला. आता सगळा गाव ते पाणी पितो. आई अजून जुन्या आडावरून आणते.

त्याच दिवशी तिने मला पत्र लिहायला बसवलं. तू ये म्हणून सांगितलं. तुझ्यावर राग नाही म्हणून सांगितलं. मी शब्द न् शब्द लिहिलं. पाकिटात तिने हलव्याचे चार दाणे घातले. सकाळी मी ते पाकीट घेऊन चाकणला गेले आणि संध्याकाळी पर्समधून तसंच परत आणलं. दुसऱ्या दिवशीही तेच केलं. मग ते वहीत ठेवलं.

तू आला असतास तर तिथल्या त्या दिवसाची गोष्ट निघाली असती. तू आणि आई दोघं समोरासमोर बसला असता, दोघांनी माझ्याच तोंडचं वाक्य एकमेकांना सांगितलं असतं, आणि मी मध्ये बसले असते. म्हणून मी टाकलं नाही. तेव्हापासून आई विचारते, माज्या पत्राला त्यानं काय लिवलं? मी म्हणते, कामात असेल. आणि तू तिकडे समजतोस, आईने तुला टाकलं. घरात लिहिता-वाचता येणारी मी एकटी. मी जे वाचीन ते तिच्यासाठी खरं.

वर्गात मुलांना मी रोज सांगते, जे दिसलं तेच लिहा, जे माहीत आहे ते लपवू नका. मुलं लिहून घेतात.

आईचं पत्र सोबत घातलं आहे. वरची तारीख बघ. हलव्याचे दाणे आहेत तसे आहेत.

सोमवार सकाळ

काल उन्हं उतरल्यावर हे पत्र आईला वाचून दाखवलं. सगळं, एकही ओळ न गाळता. ती तांदूळ निवडत होती. वाचून संपलं तरी निवडत राहिली. सूप रिकामं झाल्यावर तिने एकच विचारलं.

"छागल माज्यापाशी ठिवून गेलं व्हय त्ये?"

मी हो म्हणाले.

ती मला बोलेल म्हणून मी बसून राहिले होते. उठून तिने फळीवरचा नारळ काढला, कानाशी धरून हलवला आणि माझ्या हातात दिला. मीही हलवला. आवाज आला नाही.

"ह्ये बी लिव," ती म्हणाली. "आतलं पानी आटलं म्हनावं. तरी बी फोडायला त्यानंच यायचं."

तिने सांगितलं तसं लिहिलं आहे. हे पाकीट मी आज पोस्टात टाकणार आहे, आई माझ्याबरोबर चाकणपर्यंत येते म्हणते. मी टाकते की नाही ते बघायला येत असेल. तिने यावं हेच बरं.

गाडीची वेळ कळव. मी चिंचवड स्टेशनवर येऊन उभी राहीन. तुला माझ्याशी बोलावंसं वाटणार नाही. न बोललास तरी चालेल. पण काही विचारलंस, तर या वेळी मला जे माहीत आहे ते सांगेन.

तुझी बहीण
रंभा