हेझलच्या नावाचं पार्सल

शुक्रवार, १२ नोव्हेंबर २०२१. सकाळ.

दाराच्या फटीतून पोस्टाचं कार्ड आत पडलं. मिसेस हेझल पास्क यांचं जर्मनीहून पार्सल आलं आहे. व्हॅटचा कर आणि हाताळणी मिळून अठरा पौंड भरा, मग मिळेल.

भरणार नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे.

नोंदीसाठी: हेझल, माझी बायको, ऑक्टोबरमध्ये गेली. पार्सलात काय आहे ते मला ठाऊक आहे. दरवर्षी ती जर्मनीतल्या एका डोंगरातल्या गावाहून एक लाकडी देवदूत मागवायची. बोटाएवढा, हातात एखादं वाद्य. नाताळ जवळ आला की सगळा वाद्यवृंद शेकोटीवरच्या फळीवर मांडायची. या वर्षी कोणतं वाद्य मागवलंय ते सांगितलं नाही. आल्यावर बघ, म्हणाली.

आणखी नोंदीसाठी: ब्रिटननं युरोपीय संघातून बाहेर पडायच्या बाजूनं मी मत दिलं, तिनं विरुद्ध. त्यावर पाच वर्षं नाश्त्याला वाद. मी म्हणायचो, तुझ्या देवदूतांना एक पेनीही जास्त पडणार नाही, लिहून ठेव. ती टोस्टला लोणी लावत म्हणायची, "हं." बास, एवढंच. समोरच्यानं काय समजायचं?

आत्ता कार्ड मोठ्यानं वाचलं आणि म्हटलं की काहीतरी चूक झालेली दिसते. वरून 'हं' असा आवाज आला. रेडिएटरचा पाइप. प्लंबरला बोलवायला हवं.

शनिवार, १३ नोव्हेंबर

हेल्पलाइनला फोन केला. बराच वेळ संगीत. मग एक मुलगी, अगदी नम्र. मिसेस पास्कशी बोलता येईल का, म्हणाली. मी सांगितलं, त्या आत्ता फोनवर येऊ शकत नाहीत. यात खोटं काही नाही.

मुलीचं म्हणणं, जानेवारीपासून युरोपातून येणाऱ्या मालाचे नियम बदलले, सर, तुम्हाला कल्पना नव्हती का? मी म्हटलं, या विषयात अख्ख्या स्पॉल्डिंग गावात माझ्याइतकी कल्पना कुणालाच नाही. आणि फोन ठेवला. पहिली फेरी माझी.

चहा केला. दोन कप झाले. हाताची सवय आहे, दुसरं काही नाही. दोन्ही मीच प्यायलो.

सोमवार, १५ नोव्हेंबर

बोल्स क्लबात कार्पेटवर चेंडू घरंगळवायला गेलो. नेव्ह स्नीथनं विषय काढला. नेव्ह आपल्याच बाजूचा, २०१६ मध्ये आम्ही दोघांनी मिळून दारोदार पत्रकं वाटली होती. त्यानं इटलीहून बूट मागवले आणि वर इतका कर बसला की सगळ्यांना पावती दाखवत फिरतोय. मी त्याला समजावलं, या सुरुवातीच्या अडचणी आहेत.

"सुरुवात कधी संपते तेवढं सांग, क्लिफ," म्हणाला. "तोवर मी सपाता घालून हिंडतो."

सगळे हसले. मीही हसलो, जरा उशिरा. हेझलच्या पार्सलाबद्दल बोललो नाही. घरातली गोष्ट घरात. सामना हरलो, क्लबच्या हॉलमधलं कार्पेट एका बाजूला उतरतं.

बुधवार, १७ नोव्हेंबर. नाश्ता.

टोस्ट तोंडात असताना हेझलचा मोबाइल वाजला. 'हॅलो हेझल! तुमचं पार्सल तुमची वाट बघतंय.'

अंगावर काटा आला. मग लक्षात आलं, कॉम्प्युटर आहे, त्याला कोण सांगणार. तिचा मोबाइल मी रोज चार्ज करतो. प्लंबरनं त्या नंबरावर फोन केला तर?

दिवसभर जिन्यात तिच्या हँडक्रीमचा वास. लॅव्हेंडर. आमच्याकडे या दिवसांत सगळीकडे कोबीची शेतं असतात, वाऱ्याबरोबर तऱ्हेतऱ्हेचे वास येतात.

दुपारी तिच्या खुर्चीला उद्देशून माझी भूमिका एकदा नीट मांडली, मुद्देसूद. हेझल काही बोलली नाही. पण ती ज्या पद्धतीनं बोलत नाही ती मला चांगली ओळखीची आहे.

शुक्रवार, १९ नोव्हेंबर

सुचलं. आंघोळ करताना.

गेले काही आठवडे तिच्या नावानं येणाऱ्या सगळ्या पत्रांवर मी मोठ्या अक्षरांत लिहितोय: 'मृत. पाठवणाऱ्याकडे परत.' गॅसवाले, दातांचा दवाखाना, बियाण्यांचा कॅटलॉग. एकानंही पुन्हा तोंड वर काढलं नाही. हा या देशातला सर्वांत खात्रीचा उपाय आहे. मेलेल्या माणसाकडे पैसे मागायची इथं कुणाची छाती होत नाही.

म्हणजे कार्डावर हेच लिहायचं. कर माफ, पार्सल घरी. हे मला आधी कसं सुचलं नाही!

जाड पेनानं लिहिलं. 'मृत' दोनदा गिरवावं लागलं, पेनातली शाई संपत आली आहे. कार्ड पोस्टाच्या पेटीत टाकून आलो. येताना शीळ घालत होतो. दार उघडताना सवयीनं "आलो गं" म्हणालो. पाइप गप्प होता. बहुधा प्रभाव पडला.

मंगळवार, २३ नोव्हेंबर

तिच्या मोबाइलवर मेसेज. 'हॅलो हेझल! तुमच्या सूचनेनुसार पार्सल पाठवणाऱ्याकडे परत जात आहे.'

तिच्या सूचनेनुसार म्हणे. तिनं कधी सूचना दिली?

काळजीचं कारण नाही. तांत्रिक टप्पा असावा.

गुरुवार, २५ नोव्हेंबर

तांत्रिक टप्पा नव्हता. पार्सल गेलं.

लीड्सहून जूडिथचा फोन आला. मुलीला सांगायचं नव्हतं पण बोलण्याच्या ओघात निघालं. बराच वेळ ती काही बोललीच नाही. हुबेहूब आईवर गेली आहे. मग म्हणाली, "डॅड, आईनं मागवलेली शेवटची वस्तू होती ती. तुम्ही ती अठरा पौंडांसाठी परत पाठवलीत?"

मी तिला तत्त्व समजावून सांगितलं. ती म्हणाली, बरं. मला हे 'बरं' आवडलं नाही.

मोबाइल दिवसभर वाजला नाही. पाइपही नाही. मी गरम पाण्याचा नळ दोनतीनदा सोडून बघितला. आज फार एकटं वाटलं. हवामान खात्यानं कमी दाबाचा पट्टा सांगितला आहे, त्याचाच परिणाम.

रविवार, २८ नोव्हेंबर

नाताळच्या आधीच्या चार रविवारांतला पहिला. चर्चमध्ये पहिली मेणबत्ती लावली, म्हणजे देवदूत काढायचा दिवस. माळ्यावरून खोका आणला. तिनं एकेक टिश्यूत गुंडाळून ठेवला होता. बासरी, व्हायोलिन, तुतारी, हार्प. फळीवर मांडले. कसेही मांडले तरी चुकीचे दिसत होते. ती कुठून सुरुवात करायची ते मी कधी बघितलंच नव्हतं. मी त्या वेळी पेपर वाचत असायचो.

सगळे माझ्याकडे तोंड करून उभे आहेत. तोंडं उघडी. पाठ करून बसलो, तर ते जास्तच वाईट.

संकल्प: उद्यापासून पलीकडच्या खोलीत बसायचं.

शुक्रवार, ३ डिसेंबर

जर्मनीहून फोन. देवदूत बनवणाऱ्या कारखान्याच्या बाई, फ्राऊ उलिग. सावकाश, स्वच्छ इंग्रजी. पार्सल परत आलं आणि कागदावर एक शब्द होता, तो खरा आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, तसं बघितलं तर, हो. पलीकडे नाक ओढल्याचा आवाज. बाई रडत असाव्यात. लाइन खराब होती, माझ्याही बाजूला.

मग त्यांनी सांगितलं ते जसंच्या तसं लिहून ठेवतो. इंग्लंडच्या गिऱ्हाइकांकडून त्या कर आधीच घेतात, म्हणजे दारात काही भरावं लागत नाही. हेझललाही विचारलं होतं.

"त्यांनी नको म्हणून सांगितलं," फ्राऊ उलिग म्हणाल्या. "म्हणाल्या, बिल दारातच येऊ दे. दार माझा नवरा उघडतो. त्याचं तोंड मला बघायचंय. आणि इतक्या हसल्या, मिस्टर पास्क, की मलाही हसू आवरेना."

मी जिन्यात बसलो. दुसरीकडे खुर्ची होती, पण जिना जवळ होता.

पुन्हा पाठवू का, कर इथंच भरून टाकते, माझ्यातर्फे, असं त्या म्हणाल्या. फुकट! एक पेनी जास्त नाही! पाच वर्षांचा वाद मी जिंकत होतो.

नको म्हणालो. तिनं सांगितलं होतं तसंच येऊ दे. तिच्याच नावानं.

का ते नंतर सविस्तर लिहीन. तत्त्वाशी संबंधित आहे.

सोमवार, २० डिसेंबर

सकाळीच मेसेज. 'हॅलो हेझल!' मी "काय?" म्हणालो.

दुपारी कार्ड. अठरा पौंड. हॉलमधल्या आरशासमोर उभा राहून वाचलं, तिला कसलं तोंड बघायचं होतं ते बघावं म्हणून. पडलेलं, म्हातारं तोंड. हसण्यासारखं काय होतं कळलं नाही. ती असती तर तिला कळलं असतं.

कार्डावर काहीही लिहिलं नाही. पेन खणात ठेवून दिलं.

मंगळवार, २१ डिसेंबर

पोस्टात गेलो. निषेधाचं छोटं भाषण तयार केलं होतं. खिडकीतल्या माणसानं नाव विचारलं. मी म्हटलं, हेझल पास्क. त्यानं एकदा वर बघितलं आणि काही न विचारता पार्सल दिलं. अठरा पौंड भरले. भाषण केलं नाही, मागे रांग होती. रांगेत एक बाई होत्या.

स्वयंपाकघरात उघडलं. ढोलवाला निघाला. गुबगुबीत, पोटावर भला मोठा ढोल, काठी वर उगारलेली. फळीवर कडेला उभा केला. जागा बरोबर वाटली.

मग किटली लावली, दोन कप काढले आणि तिच्या खुर्चीकडे बघून म्हणालो, "हेझल, तुझं बरोबर होतं. जास्त पडतात."

इतक्या वर्षांत हे वाक्य मी एकदाही बोललो नव्हतो. मोठ्यानं, स्पष्ट म्हणालो. आणि थांबलो. तिला आता 'हं' म्हणायचा पूर्ण हक्क होता. जिना चढून वर गेलो. पाइपला हात लावून बघितला, गरम होता. लॅव्हेंडरचा वासही नव्हता.

काही नाही.

किटलीचा आवाज फार होता. ऐकू गेलं नसणार. उद्या किटली लावायच्या आधी पुन्हा सांगेन.