उलटवलेला कोट

प्रिय मास्तर,

आधी कबुली देऊन टाकते: तुमचा करडा लोकरी कोट मी उसवला. लग्नानंतरच्या पहिल्या थंडीत तुम्ही स्वतःसाठी शिवला होता, तोच. आईंनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

काय करणार? लढाई सुरू झाल्यापासून कापड कूपनावर मिळतं, तेही वीतभर. पँटच्या पायांची दुमड बंद, खिशांवरच्या झडपा बंद, झग्याच्या चुण्या बंद, असा हुकूमच निघालाय. मोठाले घेर मिरवणाऱ्या बायका आता गुडघ्यापर्यंतच्या सरळ झग्यात कारखान्यात जातात; तुम्ही पाहिलंत तर डोळे मिटाल, मग हळूच उघडाल. नवं शिवायला कोणी येत नाही. जुना कोट उसवायचा, न विटलेली आतली बाजू बाहेर काढायची आणि पुन्हा शिवायचा, आपलं शिवणकामाचं दुकान त्यावरच तगलंय. पण दुकानाचा परवाना तुमच्या नावावर आहे. महिनाअखेरपर्यंत तो माझ्या नावावर झाला नाही, तर कुलूप.

पहिलाच कोट उलटवला बँकेच्या मॅनेजरसाहेबांचा, आणि माझी फजिती झाली. काजं डावीकडची उजवीकडे गेली! साहेब आरशासमोर उभे, आणि बटणं बायकांसारखी. त्यांनी कपाळाला हात लावला. आता मी जुनी काजं बुजवून नवी करते. पण त्याच दिवशी तुमचा कोट डोक्यात आला. पुरुषाचा कोट उलटवला, की त्याची बटणं बाईच्या कोटासारखी लागतात. खांदे आत घेतले, कंबरेला टक्स घालून घेर आवळला. असा बसलाय, की तुम्हीसुद्धा नावं ठेवणार नाही.

तोच घालून काल परवान्याच्या कचेरीत गेले. तुम्ही बेपत्ता असल्याची तार येऊन पाच महिने झाले. लोकांना वाटतं, मी आशा सोडली म्हणून कोट कापला. आईंनाही तेच वाटतं. कारकून भला माणूस. म्हणाला, 'विधवा' या रकान्यात सही केलीत तर परवाना आजच देतो; नवरा असलेल्या बाईला त्याची लेखी संमती लागते. मी कागद उचलला आणि निघाले. रडू आलं, पण रस्त्यावर. त्याच्यासमोर नाही.

म्हणून हे पत्र. संमतीचा कागद सोबत जोडलाय. पेन्सिलीनं फुली मारली आहे तिथे सही करा आणि लगेच पाठवा. एकोणीस दिवस उरलेत. कागद पलटणीच्या जुन्याच पत्त्यावर धाडतेय; तो त्यांनी तुमच्यापर्यंत पोचवावा. नाहीच पोचला, तर मशीन स्वयंपाकघरात आणून बसवेन, पण त्या दुसऱ्या रकान्यात सही करणार नाही.

तुमचीच,
बायको