नव्या पुड्या उघडू नकोस

मुर्री,
बुधवार, २१ जानेवारी २०२६, दुपार

आयुष्मती रंजिता हिला तुझ्या सासूचा प्रेमाचा जयभीम. तुझ्या आईला, सुलोचनाबाईंना, आणि वडिलांनाही सांग. माझ्या नातीच्या गालाला माझ्या वतीने हात लाव.

घरोघरी फोन असताना सासूनं कागद काऊन काढला, असं तुला वाटेल. फोनवर माझं तोंड उघडत नाही म्हणून. आज सकाळी तुझ्याशी बोलली तेव्हाही नाही उघडलं. तू फोन स्पीकरवर ठेवतेस, तिकडे बाळ पाहायला आलेल्या बायांचा आवाज येत होता, आणि मला जे सांगायचं होतं ते राहूनच गेलं.

पहिले कामाचं. रविवारी रत्नपालच्या हाती ज्या पुड्या पाठवल्या, लाल दोऱ्यानं बांधलेल्या, त्या उघडू नकोस. उघडली असशील तर त्यातलं काही पोटात जाऊ देऊ नकोस. तुझ्या नको, कोणाच्याच नको. तू दूध पाजतेस, तुझ्या पोटात गेलं म्हणजे लेकराच्या पोटात गेलं. फोनवर मी म्हटलं होतं की पुड्या दमट लागल्या. त्या दमट नाहीत.

रत्नपालला मिलमधून बोलावलं आहे. गाडीत तांदळाचे कट्टे चढत आहेत, तेवढं झालं की येतो म्हणाला. तो आला की दोघं तुझ्या माहेरी, कामठ्याला निघतो. तोवर मी ओट्यावर बसून हे लिहून राहिली आहे. अक्षर वाकडं येत आहे, समजून घे.

इकडचं सगळं ठीक आहे. शेजारच्या नीतूचा खोकला अडुळशानं उतरला, काल स्वतः येऊन सांगून गेली. सकाळी गल्लीतल्या तीन घरी गवती चहा गेला, थंडी आहे ना. तुझा नवरा रोज डब्यात भाजी उरवून आणतो आणि मला सांगतो की भूक नव्हती. तुझ्या हातच्या भाजीची सवय झाली त्याला, तोंडावर बोलत नाही एवढंच. लाखोळीची कोवळी भाजी निघाली आहे, तुला आवडते म्हणून सुकवून ठेवणार होती.

ठीक आहे असं लिहिलं, पण ठीक नाही. मी फार भिऊन गेली आहे, रंजिता. सकाळपासून दोनदा मोरीत जाऊन रडून आली.

सकाळी रत्नपालच्या बाबांचे गुडघे चोळायला बसली होती. तुला तो लेप माहीत आहे, तू त्याच्या वासानं नाकाला पदर लावायचीस. कळलावीच्या मुळीचं चूर्ण, कोमट तेलात. ती मुळी विषारी असते, वरूनच लावायची, पोटात कधी द्यायची नाही. म्हणून तो डबा मी वर, वेगळ्या फळीवर ठेवते. महिनाभर यांची कुरकुर चालू होती की लेप लागून नाही राहिला. मी म्हटलं, थंडी आहे, वय झालं, चालायचंच. आज हे म्हणतात, "काऊन वं, गुडघ्याले खिरीचा वास काऊन येऊन राहिला?"

मी हसली. म्हटलं, तुम्हाले खिरीशिवाय सुचते का काही. मग हात थांबला. बोटावरचं चूर्ण जिभेला लावून पाहिलं. गोडसर होतं. ती शतावरी होती, जी मी तुला दूध यावं म्हणून दुधात घालून प्यायला देते.

म्हणजे गुडघ्याच्या डब्यात शतावरी. मग शतावरीच्या डब्यात काय आहे, आणि रविवारच्या पुड्या मी कोणत्या डब्यातून भरल्या, हे तूच समज. दोन्ही डबे बिस्किटाचे, दोन्ही चूर्णं पांढुरकी. तू गेल्यावर घराला चुना मारला तेव्हा सगळं खाली उतरवलं होतं. परत चढवताना जागा बदलली असणार. तुझ्यासोबत दिलेल्या पहिल्या पुड्या चांगल्या आहेत, त्यातली शतावरी मी तुझ्यासमोर ताजी कुटली होती. त्यांची काळजी नको. लाल दोऱ्याच्या तेवढ्या वाईट.

मी लगेच तुला फोन लावला. मनात होतं, उचलल्या उचलल्या सांगीन, पोरी, त्यात विष आहे. आणि तोंडातून काय निघालं, तर दमट. तू म्हणालीस, "बरं आई." मी विचारलं, पहिल्या संपल्या का? तू म्हणालीस, "हो आई, रोज पिते, वाया नाही घालवत."

आता मला सांग, त्यातलं खरं किती?

आजवर मी हे कधी बोलली नाही. तू माझा काढा पीत नाहीस, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून माहीत आहे. तू पेला घेऊन मागच्या अंगणात जायचीस आणि नालीत ओतायचीस. एकदा नालीच्या तोंडाशी मला तुळशीची पानं दिसली, माझ्याच हातानं चुरलेली. तू मेडिकल स्टोअरमध्ये गोळ्या-औषधं देणारी, डी.फार्म. झालेली पोरगी. तुला माझ्या डब्यांचा भरवसा नाही, हे मला कळत होतं. पण तू ओतून यायचीस, पदरानं तोंड पुसायचीस आणि म्हणायचीस, "आई, छान होता, घशाले बरं वाटलं." मीही म्हणायची, उद्या आणखी देईन. आपण दोघी असं खोटं बोलून सुखानं राहिलो. मला राग यायचा. रात्री यांच्याजवळ बोलायची, सून नाटकी आहे म्हणायची. हे म्हणायचे, भांडत तर नाही ना, मग राहू दे.

आज मी हात जोडून म्हणते, तू नाटकी असशील तर फार बरं होईल. नालीत ओतलं असशील तर तुझे उपकार. पण तू "रोज पिते" म्हणालीस तो आवाज नेहमीचाच होता. पीत असशील तरी तसाच निघाला असता, ओतत असशील तरी तसाच. मला काही ओळखता येत नाही. शिवाय आता तू बाळंतीण. लेकरासाठी बाई ज्यावर भरवसा नाही तेही पिते. मी स्वतः प्यायली आहे, रत्नपालच्या वेळी.

तू एकदा माझ्यासाठी स्टिकर आणले होते. म्हणालीस, "आई, डब्यांवर नावं लिहून ठेवू." मी नाकावर बोट ठेवलं आणि म्हटलं, नाव इथं लिहिलेलं आहे. तू स्टिकर पर्समध्ये परत ठेवलेस. तेव्हा ते खोटं नव्हतं. डोळे मिटून मी सांगायची, हे वेखंड, ही सुंठ, हा ज्येष्ठमध, ही जुनी झालेली, फेक. गल्लीतल्या बाया म्हणतात सुमनबाईच्या हाताला गुण आहे. हाताला कुठला गुण, सगळं नाकच करत होतं.

आणि ते नाक मागच्या पावसाळ्यातल्या तापात गेलं, रंजिता.

हे मी कोणाला सांगितलं नाही. यांनाही नाही. आधी वाटलं सर्दी आहे, येईल परत. वाफ घेतली, निलगिरी हुंगली, मोहरीचं तेल नाकात घातलं. काही नाही. एकदा दूध करपून घरभर धूर झाला आणि मी तिथंच भाजी निवडत बसली होती. तू धावत आलीस, म्हणालीस, "आई, वास नाही आला?" मी म्हटलं, ध्यान नव्हतं. तू तेव्हाही माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिलीस.

तुझ्या लेकीला दवाखान्यात पहिल्यांदा मांडीवर घेतलं तेव्हा मी तिच्या टाळूला नाक लावलं. सगळ्या बाया लावतात. त्या वासासाठी बाई म्हातारी होईपर्यंत वाट पाहते. मला काहीच आलं नाही. मांडीवर गरम लेकरू, आणि वास पाण्यासारखा. मी इतकी घाबरली की तिला लगेच तुझ्या आईच्या हातात दिलं. विहीणबाईंना वाटलं असेल, मुलगी झाली म्हणून सासू खट्टू झाली. तसं नाही. तसं अजिबात नाही, त्यांना सांग.

मग गप्प काऊन राहिली, असं तू विचारशील. भीती वाटली. नाक गेलं म्हटलं असतं तर डबे बंद करावे लागले असते. सकाळी उठून मी करू काय? रत्नपालचे बाबा शेत पाहतात, तो मिलमध्ये जातो, तू दुकानात जायचीस. माझ्याकडे लोक यायचे ते या डब्यांसाठी. आणि तुझ्यासमोर हरायचं नव्हतं, हेही खरं. मी अंदाजानं करत राहिली. रंगावरून, बोटांनी चुरून, जागेवरून. जागेवरून, आणि जागाच बदलली.

अजून रत्नपाल आला नाही. मी हे लिहीत बसली आहे आणि तुझी पुडी तिकडे असेल तशी आहे. मी कसली बाई आहे. थांब, मी फोन करून येते. या वेळी सांगते.

---

सांगितलं.

तुला माहीत आहे मी काय सांगितलं, तू ऐकलंस. पण तुझा फोन कटल्यावर दोन्ही डबे पिशवीत बांधून दारात ठेवले. रत्नपाल येईपर्यंत दुसरं काही करता येत नाही, म्हणून लिहिते.

तू म्हणालीस, "आई, मी नाही प्यायली." माझ्या जिवात जीव आला. नंतर तू जे म्हणालीस ते मला दोनदा विचारावं लागलं. "माझी आई पिऊन राहिली. इथं आल्यापासून तीच पिते. विहीणबाईनं एवढ्या मेहनतीनं केलेलं फेकायचं नाही म्हणते. काल सांजी नवी पुडी फोडली. आज सकाळपासून उलट्या होऊन राहिल्या, हातपाय थंड पडले, आम्ही म्हटलं पित्त असंल."

सुलोचनाबाईंना माझ्या हाताचा इतका भरवसा. माझ्या घरात माझ्या सुनेला नव्हता, आणि माझ्या विहिणीला होता.

तू माझ्यावर ओरडली नाहीस. तू फक्त विचारलंस, "आई, कोणती मुळी, नीट नाव सांगा, डॉक्टरले सांगावं लागंल." मी नाव सांगितलं. तू वडिलांना हाक मारलीस. मग बाळ रडलं आणि फोन कटला.

तुझे वडील त्यांना ऑटोनं गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात आणत आहेत, एवढं रत्नपालनं आत्ता फोनवर कळवलं. तो येतो आहे. उरलेल्या पुड्या आता फेकू नकोस, पिशवीत बांधून ठेव, लेकरापासून लांब. दवाखान्यात मागतील. मी इकडून दोन्ही डबे घेऊन निघते. रत्नपाल मला दवाखान्याच्या दारात सोडेल आणि तसाच तुझ्याकडे कामठ्याला येईल. तू एकटी आहेस, लेकरू घेऊन. हे पत्र त्याच्या खिशात देते. तो वाचणार नाही, आणि वाचलं तरी आता काय राहिलं.

डॉक्टरला मी माझ्या तोंडानं सांगीन. कोणी पाठवलं, कोणत्या डब्यातून, किती भरलं, आणि माझं नाक गेलेलं आहे. पोलीस विचारतील तर पोलिसालाही सांगीन. दमट असं म्हणणार नाही. यांना आत्ता सांगितलं. हे उठून चपला शोधायला लागले, मीही येतो म्हणाले. गुडघ्यावर अजून ती शतावरीच आहे.

मी विहारात कधी काही मागितलं नाही, आपल्यात मागायचं नसतं. आज मला मागावंसं वाटत आहे आणि कोणाला मागू ते कळत नाही. विहीणबाई वाचू देत. त्या तुझी आई आहेत. त्यांनी माझा शब्द खरा मानला, यात त्यांचा काय गुन्हा. त्यांना काही झालं तर तुला मी कोणत्या तोंडानं पाहू, आणि त्या लेकराला मोठेपणी कोण काय सांगेल.

तू मला शिव्या दे. तोंडावर दे. बरं आई, छान आहे आई, असं आता पुन्हा म्हणू नकोस. मला ते ऐकवणार नाही.

मोटारसायकलचा आवाज आला. निघते.

माझ्या हातचं काही घेऊ नकोस, रंजिता. कधीच नको. मला मात्र घरात घे.

तुझी सासू,
सुमन